शिंदखेड्याला उतरलेली अक्का

दोंडाईच्याला जाणारी गाडी दुपारच्या उन्हात सावकाश चालली होती. खिडकीबाहेर कपाशी सरकत होती आणि मला पेंग येत होती. मोबाईलवर एका आजारी मुलाचा फोटो होता. त्याच्या ऑपरेशनसाठी ऑनलाइन मदत गोळा होत होती. सगळे देतात म्हणून मीही थोडे पैसे पाठवले.

समोरच्या म्हाताऱ्या बाईने वाकून पाहिलं. "हाऊ कोना पोऱ्या शे?"

"माहीत नाही, अक्का. लांब कुठल्यातरी दवाखान्यात आहे."

तिने फोटोवरून दोन बोटं अलगद फिरवली, तापलेलं कपाळ चाचपावं तशी. मग पदराची गाठ सोडून एक घडी घातलेली नोट माझ्या हातात ठेवली. "हाई बी धाडी दे."

मी तेवढे पैसे मोबाईलवरून पाठवले. खाली निरोप लिहायला जागा होती. इतरांनी काय लिहिलंय ते तिने माझ्याकडून वाचून घेतलं. सगळ्यांचं एकच होतं, लवकर बरा हो. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"त्यानी माय जेवनी का, तेवढं इचार."

त्याची आई जेवली का, एवढंच मी लिहिलं. ती शिंदखेड्याला उतरली आणि उन्हात विरघळल्यासारखी दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

तीन दिवसांनी त्या प्रश्नाखाली मुलाच्या आईचं उत्तर आलं. इतक्या निरोपांत तिने तेवढ्या एकालाच उत्तर दिलं होतं. "तुमचं वाचलं आणि जेवले."

आता या गाडीने जाताना शिंदखेडा आलं की मी दारात जाऊन उभा राहतो. उत्तर अक्काचं आहे, आणि ते माझ्याकडे पडून आहे.