कमरूभाभीची सामाईक भिंत

आमच्या गल्लीत बातमी उठली की, कमरुन्निसाभाभीनं शेजारच्या मलप्पाच्या देवघरात दार फोडलं. मुखेडच्या बाजारात पोचेपर्यंत त्या दाराला शेजारी खिडकीही फुटली होती. मी भाभीचा शेजारी, बातम्या पोचवण्यात मीही मागं नसतो. पण ही बातमी माझी नव्हे, आणि खरी तर मुळीच नव्हे. दार नाही, खिडकी नाही. दोन घरांत मिळून एकच भिंत आहे, आणि तिला मलप्पानं स्वतः सही दिली आहे. सही कशी दिली, ते मात्र ऐकण्यासारखं आहे.

कमरूभाभी आठवडी बाजारात बांगड्या भरते. बांगडी भरताना बाईचा हात तिच्या हातात अडकलेला असतो, त्यामुळे बाईला पळता येत नाही. मग भाभी तिच्याकडून माहेरची, सासरची आणि शेजारची खबर काढून घेते. तिचे मालक जिलानीभाई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती पाण्याच्या टाकीमागं, आमच्या ओळीत, पत्र्याच्या खोपटात राहायची. उन्हाळ्यात पत्रा भाजायचा. एकदा गारपीट झाली, तेव्हा भाभी स्वतः भिजत बसली आणि गादी पेटीवर टाकली, कारण पेटीत काच होती. "मी फुटत न्हाई जी," असं वर मलाच ऐकवलं. तिची मागणी एकच होती: डोक्यावर स्लॅब.

आमची सगळी ओळ सरकारी जागेवरची. दरवर्षी अतिक्रमणाची नोटीस यायची, आम्ही ती बिडी पेटवायला वापरायचो. मग नगरपंचायतीनं ठराव केला, मोजणी केली आणि घराघराला बारा फूट रुंद जागेचा पट्टा दिला. नवराबायको असतील तिथं दोघांच्या नावानं. पाठोपाठ भाभीचं आणि मलप्पाचं घरकुलही मंजूर झालं. मार्चपर्यंत पाया भरला नाही तर मंजुरी रद्द, एवढीच अट.

मग नगरपंचायतीच्या इंजिनिअर शिवकन्या मॅडम टेप घेऊन आल्या.

"भाभी, दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट मोकळं सोडावं लागंल."

"जागाच बारा फूट हाय, मॅडम."

"हो ना."

"मंग उरलेल्या जागेत मी झोपू का बांगड्या झोपवू?"

नियम दाखवून मॅडम निघून गेल्या असत्या, तर आम्ही काय करणार होतो? पण त्यांनी जमिनीवर चुन्याची फक्की टाकून ते सहा फुटांचं घर आखलं आणि मुख्याधिकारी साहेबांना बोलावून त्यात उभं केलं. साहेबांनी हात पसरले, तर दोन्ही पंजे घराबाहेर. साहेब हसले नाहीत, हे मला आवडलं. विषय दोन सभांत गेला, वरून मंजुरी आणली गेली आणि नियम आला: दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची संमती असेल तर लहान जागेला मोकळी पट्टी सोडायची गरज नाही, मधली भिंत सामाईक; एक जरी नाही म्हणाला तर जुनाच नियम. वर नकाशाही फुकट. नगरपंचायतीला नावं ठेवल्याशिवाय माझा चहा पचत नाही. त्या दिवशी मात्र पचला.

माझी संमती मी लगेच दिली. अडला तो पलीकडचा मलप्पा. किराणा दुकानदार, रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारा. मॅडम कागद घेऊन गल्लीत बसल्या, तर हा म्हणतो, "माझं देवघर त्याच भिंतीला येणार. पलीकडं मटण शिजलं तर?"

"चूल मी ह्यांच्या भिंतीला मांडते," भाभीनं माझ्याकडे बोट केलं. मला कुणी विचारलं नाही. मीही विचारायला लावलं नाही.

"अन् बांगड्यांची किणकिण?"

"तुमच्या घंटीपुढं माझ्या बांगड्या कुठं ऐकू येतात, मलप्पाभाऊ!"

मलप्पाजवळची कारणं संपली. "न्हाई म्हंजे न्हाई," तो म्हणाला.

मार्च तोंडावर आला होता, आणि भाभीनं पत्र्याकडं अशी नजर टाकली की मलाही थट्टा सुचेना.

तेवढ्यात दारातून मलप्पाची बायको नीलाबाई बोलली, "मॅडम, भिंत सामाईक न्हाई झाली तर आमचं बी घर सहाच फुटांचं का?"

"हो काकू. नियम दोघांना सारखा."

नीलाबाई नवऱ्याकडं वळली. "मंग त्यात तुमी राहा अन् तुमचा देव राहू द्या. मी कमरूकडं जाते."

"अगं, तिचं बी सहाच फूट हाय!"

"चालंल. ती बोलते तरी. आणा मॅडम कागद इकडं, पट्ट्यावर माझं बी नाव हाय."

तिनं सही केली आणि पेन नवऱ्यापुढं धरला. सगळी गल्ली बघत होती. मलप्पानं सही ठोकली.

दोन्ही घरांचा स्लॅब एकाच दिवशी पडला. मलप्पानं नारळ फोडला, भाभीनं शिरा वाटला. पुढं भिंतीला पाणी मारायचं काम मलप्पानंच अंगावर घेतलं, भाभीच्या बाजूनंसुद्धा. "अर्धी सुकी राहिली तर माझ्याच अर्ध्याला तडा जाईल," म्हणाला. आता पावसाळ्यात भाभी पाय पसरून झोपते. तक्रार असलीच तर माझी आहे: तिच्या चुलीचा वास माझ्या भिंतीतून रोज येतो, वाटी मात्र शुक्रवारीच येते.

घरभरणीला नगरसेवक गुरुलिंगअप्पा हार आणि फोटोवाला घेऊन आले. खरं तर सामाईक भिंतीच्या ठरावाला त्यांनी सभेत जोर लावला होता, तेव्हा हार घालून घ्यायचा त्यांना हक्क होताच. ते हसत म्हणाले, "भाभी, आता दोन शब्द नगरपंचायतीच्या आभाराचे होऊ द्या."

भाभी म्हणाली, "दिलानं मानते, अप्पा. तुमच्यामुळंच छत हाय. पण नियम वळवायला तुमाला दोन सभा लागल्या, नीलाबाईनं मलप्पाभाऊला उभ्या उभ्या वळवलं. पहिला हार तिला घाला."