पट्टेवाल्याचं वाक्य

सुमनअक्कांनी माझी नोकरी वाचवली. हे आधी सांगतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, हा उपकार विसरला. विसरलो नाही. बंगळुरात, बेळ्ळंदूरच्या या टॉवरमध्ये हाउसकीपिंगला मला त्यांनीच शब्द टाकून लावलं. उदगीरकडचा मी, आठवीतून शाळा सुटलेली, हिंदी अर्धीमुर्धी, कन्नड शून्य. अक्का बंगळूरच्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी. शाळेत इतिहास शिकवायच्या, आता रिटायर. "स्वल्प कॉफी घे रे," म्हणायच्या. मी कप फिरवून, खाली वर बघायचो. वेगळा ठेवलेला तर नाही? नसायचा. तरी दर वेळी बघायचो.

पंधरा ऑगस्टची सकाळ. लिफ्टचं दार उघडलं. पगड्यांचा खोका घेऊन मी आत शिरलो. आत सोसायटीचे सेक्रेटरी साहेब, पुण्याचे, आयटीतले. सोबत दोन बायका. एकीनं पदर आवरला. साहेब म्हणाले, "खोका इथं ठेव. तू सर्व्हिस लिफ्टनं ये."

पगड्या वर गेल्या. मी गेलो ओल्या कचऱ्याच्या ड्रमांबरोबर.

त्या पगड्या नाटकाच्या. सोसायटीतल्या मराठी मंडळींनी बसवलेलं, अक्कांनी लिहिलेलं. काँग्रेसच्या सुरुवातीच्या नेमस्त पुढाऱ्यांवर. फर्डं इंग्रजी बोलणारे, वकिली करणारे. सरकार न्यायी आहे, नीट सांगितलं तर ऐकेल, असं मानणारे. सभा, अर्ज, पुन्हा अर्ज. "आपलेच लोक त्यांना भिकारी म्हणायचे," अक्का सांगायच्या. "पण भित्रे नव्हते रे. साहेबाच्या तोंडावर त्याचा अन्याय वाचून दाखवणं, त्या काळात, सोपं होतं काय?"

सेक्रेटरी साहेब पुढारी झाले. मी गोऱ्यांच्या क्लबचा पट्टेवाला. साहेबांनीच निवडलं. "युनिफॉर्म शोभतो तुला," म्हणाले. मग आडनाव विचारलं. सांगितलं.

"अच्छा."

तो अच्छा मी गावापासून ओळखतो.

माझं काम एवढंच. पुढारी क्लबच्या दारात येणार, मी अडवायचं. त्यानं लांबलचक, गोड बोलायचं. मग मी मान झुकवून बाजूला व्हायचं. वाक्य एकही नाही.

तालमीला साहेब मला त्यांच्याच लिफ्टनं नेत. मला वाटलं, आता चालतं. इथंच फसलो. मला चालत नव्हतं. त्यांच्या पट्टेवाल्याला चालत होतं.

दुपारी धीर करून विचारलं, "साहेब, तालमीला तर चालायचं?"

"अरे, कंप्लेंट आली ना. प्रोटोकॉल आहे, बॉस." मग हसले. "कमिटीला विनंती कर. नम्रपणे. नेमस्तांकडून हेच तर शिकायचं."

डोक्यात किडा वळवळायला लागला. अक्कांच्या घरची लादी पुसताना विचारलं, "काय मागायचे हो ते अर्जात?"

"कौन्सिलात जागा. वरच्या नोकऱ्या. शेतसारा कमी करा, मिठावरचा कर कमी करा."

"आणि दारातल्या पट्टेवाल्याचं?"

अक्कांनी हातातलं नाटकाचं बाड मिटलं. मग म्हणाल्या, "त्याला कुणी विचारलं नसावं रे."

संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्यांवर फ्लॅटवाले. मागं भिंतीला टेकून वॉचमन, घरकामाच्या बायका. साहेबांचं भाषण रंगलं. "आम्हीही माणसं आहोत, दार उघडा!" टाळ्या पडल्या. मी तसाच उभा.

"झुक ना," साहेब दातांतून बोलले.

मान वाकेना. नोकरी गेली, हे कळत होतं. गावाकडं आई डोळ्यांपुढं आली. तरी तोंडातून निघालंच.

"सर्व्हिस लिफ्ट तिकडं आहे, साहेब."

मागच्या बायकांना मराठी येत नाही. 'सर्व्हिस लिफ्ट' येतं. एक फिसकन हसली. मग सगळी भिंत हसली.

पडद्यामागं साहेबांनी माझा दंड धरला. "उद्यापासून गेटच्या आत दिसू नकोस."

अक्का काठी टेकत आल्या. "सोडा त्याला. वाक्य मी घातलं. तुम्हाला सांगायचं राहिलं."

"तुम्ही? अक्का, निदान एकदा..."

"सरी, ठीक आहे, आता सांगितलं ना."

हात सुटला. साहेबांचा चेहरा बदलला. "ओह, सटायर! ब्रिलियंट!" लोक येऊन अक्कांचं कौतुक करायला लागले. मी खुर्च्या रचत होतो.

नोकरी राहिली. वाक्य गेलं.

अक्कांनी मला वाचवलं, की आपलं नाटक वाचवलं? उपकार करणाऱ्याबद्दल असं मनात येतं, याची लाज वाटते. पण येतं. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "अक्का, ते माझं होतं."

"ठाऊक आहे रे. तुझं म्हटलं असतं तर तुला हाकललं असतं. माझं म्हटल्यावर टाळ्या." आणि कॉफी पुढं केली. मी कप फिरवून बघितला. बघितलाच.

कमिटीला विनंती केलेली नाही. करणार नाही. सगळ्यांच्या लिफ्टसमोर उभा राहतो, दार उघडलं की आत जातो. काल आत साहेब होते. "अरे..." म्हणाले. मी मजल्याचं बटण दाबलं. अजून कामावरून कुणी काढलेलं नाही. काढतील.

अक्कांनी माझ्यासाठी खोटं अंगावर घेतलं. ते ओझं मी त्यांच्यावर ठेवणार नाही. एक दिवस त्याच हॉलमध्ये, त्याच साहेबांसमोर, अक्कांना पुढच्या खुर्चीवर बसवून ते ओझं उतरवीन. पगडी न घालता, पट्टा न लावता सांगेन. वाक्य माझं होतं.

त्या दिवशी मला वाचवायला कुणी लागणार नाही, अक्का.