अळणी हाताची रेशिन आत्या

रेशिन आत्याशी वेली बोलतात, असं आमच्या गावात म्हणत. मला विचाराल तर आत्याच जास्त बोलायची. वेलीशी, पानांशी, कुणी नसलं तर स्वतःशी. औषध शिजवायचे आणि गात गात पाजायचे माझे सासरे, आर्तिदोरो. नाव त्यांचं व्हायचं. पण कुठली वेल तोडायची, कुठली पानं घ्यायची, हे चाळीस वर्षं त्यांच्या या थोरल्या बहिणीने ठरवलं.

त्या वेलीला आम्ही ओनी म्हणतो, शहरातले लोक आयाहुआस्का. तिच्या दोन जाती: गडगडी वेल माणसाला गदागदा हलवते, आभाळवेल हळूच उचलून घेते. जोडीला कावा नावाच्या झुडपाची पानं लागतात. पाठीवरच्या शिरेला बारीक काटे असलेलं पानच चालतं. आत्या ते डोळे मिटून अंगठ्याने ओळखायची. निवडणाऱ्याचा हात मात्र अळणी हवा. आधी अकरा दिवस मीठ तोंडात जाता कामा नये, नाहीतर झाड रुसतं.

एका वर्षी औषध माझ्या धाकट्या बहिणीसाठी होतं. एल्विताचं तान्हं बाळ तापात गेलं आणि तिची झोपही गेली. जरा डोळा लागला की दचकून उठायची, मग हात मांडीवर उताणे ठेवून बसून राहायची. औषध घेणाऱ्यालाही मीठ वर्ज्य, म्हणून तीन आठवडे तिला अळणी उकडलेली केळी भरवत होते मी. हीसुद्धा जाते की काय, याची मला भीती वाटत होती.

एके दिवशी सकाळी आम्ही चौघं तळ्यामागच्या रानात गेलो. धुकं इतकं दाट, की झाडं जमिनीला न टेकता तरंगत होती. पुढे चालणारी एल्विता मधूनच दिसायची, मधूनच नसायची. आत्याने वेलीच्या बुंध्यावर तंबाखूचा धूर सोडला, तिची परवानगी मागितली, एल्विताकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "आभाळवेल." मामंजींनी कोयत्याने वेल तोडली. मग कावाच्या झुडपांपाशी आत्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आर्तिदोरो, माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी मीठ खाल्लंय."

मामंजी कोयता घेऊन वळले. "काय खाल्लंस?"

"खारवलेला मासा. परवा. वास आला, राहवलं नाही."

"अक्का, या वयात? लाज नाही वाटली?"

"वाटली ना. नाहीतर परवाच सांगितलं असतं."

"मग आता पानं कोण निवडणार? तुझा तो मासा?"

"ही निवडेल. हिच्याइतका अळणी हात आज गावात कुणाचा आहे?"

"मला नाही येत, आत्या," एल्विता पुटपुटली. कित्येक दिवसांनी बोलली ती.

"काटा लागला तर घ्यायचं, नाही लागला तर राहू द्यायचं. बाकी काही नाही."

आत्याने तिचा अंगठा धरून एका पानाच्या पाठीवरून फिरवला. मग सोडून दिला.

एल्विता एकेक पान उलटत गेली. घेतलेलं पान मांडीवरच्या फडक्यात अलगद निजवायची, वर हात फिरवायची, मग दुसरं घ्यायची. धुकं विरलं, ऊन पानांतून हिरवं होऊन खाली आलं. वेळ कुठे गेला कळलं नाही. ती काहीतरी गुणगुणत होती, कुणासाठी ते आम्हाला कळत होतं. मग गुणगुणणं थांबलं. पाहिलं तर फडकं पोटाशी धरून ती झुडपाखाली गाढ झोपली होती.

"आता औषधाचं?" मामंजींनी हळूच विचारलं.

"आज चूल पेटवू नकोस," आत्या म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघं तिच्यावरचे डास वारत बसलो. मी रडत होते, सुखाने.

एल्विता सावरली. माशाची गोष्ट मात्र गावभर झाली. मामंजींनी पानं निवडायला दुसरी बाई बघितली. तळ्यावर बायका विचारायच्या, "काय रेशिन, आज कुठला मासा?" ती हसायची आणि भांडी घासायची.

आत्याचं जेवण मीच रांधायचे. त्या अकरा दिवसांत तिने माझ्या नजरेआड एक घास खाल्ला नव्हता. एकदा न राहवून विचारलं, "आत्या, कुठला गं तो मासा?"

"तुझी बहीण झोपली ना? मग गप बस."

मी गप्प बसले. आत्या गेली त्या दिवशीही लोक तिच्या उशाशी त्याच माशाबद्दल बोलत होते, आणि मी मान खाली घालून ऐकत होते.