एकतीस सरांचं उत्तर

एकतीस सरांसमोर ‘लई’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बावड्याच्या शाळेत चहा पिताना कुणी म्हणालं, “काल लग्नाला लई माणूस होतं,” की ते बशी खाली ठेवून विचारत, “लई म्हंजे किती?”

“असंल की हजारभर.”

“मोजलं का?”

“लग्नात माणसं कोण मोजतंय, सर? जेवायचं का मोजायचं?”

“मग जेवलो म्हणा. हजार म्हणू नका.”

हे ते गमतीनं म्हणत नसत. मला त्यांच्या या सवयीचा राग यायचा. मी इंदापूरला दुसऱ्या शाळेत गणित शिकवायचो आणि तालुक्यातल्या गणित शिक्षकांच्या मंडळाचा अध्यक्ष होतो. अध्यक्षाला उठल्याबसल्या ‘मोजलं का’ असं विचारलेलं आवडत नाही.

‘एकतीस’ हे त्यांचं आडनाव नव्हे. ते चेष्टेनं पडलेलं नाव. ते ज्या बैठकीत पडलं तिच्याबद्दल गेली पंचवीसेक वर्षं तालुक्यात जे सांगितलं जातं ते खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बारामतीत लेकाकडे बसून मी हे लिहितो आहे. ते हयात असताना लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

नववीच्या वर्गात ते पहिले दोन महिने एक, दोन, तीन यांवरच काढत. नैसर्गिक संख्या. पुस्तकात त्यांना जेमतेम अर्धं पान होतं. त्यांचं म्हणणं असं, की गणिताला सुरुवातीला दोनच गोष्टी लागतात: एक, आणि प्रत्येकाच्या पुढचा. अपूर्णांक म्हणजे यांच्यातल्याच दोघांची जोडी. ऋण संख्या म्हणजे लहानातून मोठा वजा करायचा हट्ट धरला की तयार होतात त्या. दोनाचं वर्गमूळ अशा कुठल्याच जोडीत बसत नाही, पण बसत नाही हे दाखवायलाही सम आणि विषम हेच लागतात. हे सगळं मलाही माहीत होतं. पण मला पाठ्यक्रम संपवायचा असे, आणि त्यांना तो संपल्याचं कधीच सुख नसे.

“सर, आमची पोरं वर्तुळाच्या प्रमेयापर्यंत आली,” मी एकदा सगळ्यांदेखत म्हणालो. “तुमची अजून एक-दोन-तीनच करतायत म्हणे.”

“व्हय,” ते म्हणाले. “दोनापाशी हायेत. तीन आला की कळवतो.”

सगळे माझ्याकडे बघून हसले. तेही मी लक्षात ठेवलं होतं.

त्यांचा एक धडा मैदानावर चाले. अख्खा वर्ग रांगेत उभा करायचा. नियम एवढाच, की ज्याला निरोप मिळेल त्यानं तो पुढच्याला द्यायचा. मग ते पहिल्याच्या कानात काहीतरी सांगत आणि विचारत, “शेवटच्याला निरोप मिळंल का?” मुलं मान डोलवत. “रांग नरसिंहपूरपर्यंत गेली तर?” तरी मिळेल. “संगमाच्या पल्याड गेली तर?” तरी मिळेल. मग ते मधल्या एका पोराला बाजूला घेऊन गप्प बसायला सांगत आणि पुन्हा निरोप सोडत. अलीकडच्या सगळ्यांना मिळे, पलीकडे कुणालाच नाही. “बघा,” ते म्हणत, “पहिल्या पाचाला मिळाला म्हणून सहाव्याला मिळतोच असं न्हाय. पाचवा सहाव्याला देतोय का, ते बघावं लागतं.”

आता ती परीक्षा. तालुक्यातल्या नववीच्या मुलांसाठी मंडळ दर वर्षी एक चाचणी घेई आणि पहिल्या पाचांना पुण्याच्या गणित शिबिराला पाठवी. त्या वर्षी प्रश्नपत्रिका मी काढली होती. एक प्रश्न असा: वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाला रेघेनं जोडा, आतले भाग जास्तीत जास्त किती होतील? एका बिंदूला एक भाग, दोनाला दोन, तिनाला चार, चाराला आठ, पाचाला सोळा. तर सहा बिंदूंना किती? उत्तरसूचीत मी बत्तीस लिहिलं. दर वेळी दुप्पट होतंय, हे दिसतच होतं.

बावड्याच्या मुलांनी एकतीस लिहिलं. एकानं नव्हे, सगळ्यांनी. मी म्हणालो, कॉपी. त्यांच्यातली वैशाली नावाची मुलगी, वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्या घरातली, त्या एका प्रश्नामुळे सहावी आली.

सर उत्तरपत्रिका घेऊन इंदापूरला मंडळाच्या बैठकीला आले. “सूची चुकलीय,” ते म्हणाले. “एकतीस येतात.”

“दुप्पट होतंय की दर वेळी.”

“पाच बिंदूंपर्यंत झालं. सहाव्याला कुणी बघितलं? तुमी मोजलं का?”

मी चित्रकलेचाही तास घेणाऱ्या एका शिक्षकांना फळ्यावर आकृती काढायला सांगितलं. त्यांनी सुरेख वर्तुळ काढलं, अगदी सारख्या अंतरावर सहा बिंदू घेतले, रेघा ओढल्या आणि मोजलं. तीस.

“घ्या,” कुणीतरी म्हणालं, “बत्तीसबी न्हाय आन् एकतीसबी न्हाय. सर, एक तुकडा खिशात घालून आलाय का?”

हशा झाला. सर फळ्यापाशी गेले. “तुमी लई नीटनेटकं काढलंय,” ते म्हणाले. त्यांनी स्वतःहून वापरलेला ‘लई’ मी तेवढाच एकदा ऐकला. “तीन रेघा मधोमध एकाच ठिकाणी गेल्यात. त्यात एक तुकडा मेला. एक बिंदू जरा सरकवा. आन् मोजायचं नसंल तर असं बघा. आख्खं वर्तुळ, एक. प्रत्येक रेघ एक भाग वाढवती, रेघा पंधरा. प्रत्येक छेद आणिक एक वाढवतो, छेद पंधरा. एक आन् पंधरा आन् पंधरा.”

खडू त्यांच्या हातात होता. मी म्हणालो, “उत्तरसूची अंतिम आहे. पुढचा विषय घेऊ.”

त्याच संध्याकाळी घरी मी एक बिंदू सरकवला. एकतीस आले. नव्या कागदावर पुन्हा काढलं. एकतीस. शिबिराची यादी पोस्टात पडायला अजून दोन दिवस होते. मी ती थांबवली नाही. प्रश्न माझा, सूची माझी, आणि भरल्या बैठकीत मी त्यांना गप्प केलं होतं. दुसरं कारण नव्हतं.

नाव पडलं ते कायमचं. एकतीस सर आले, एकतीस सर गेले. पुढच्या जूनमध्ये नववीचं गणित काढून त्यांना पाचवी दिली गेली. मुख्याध्यापकांनी मला फोन करून मत विचारलं होतं. मी म्हणालो, “त्यांना पाया आवडतो.” हेही मीच म्हणालो. सरांनी तक्रार केली नाही, पण मंडळाच्या बैठकीला पुन्हा आले नाहीत.

निवृत्तीनंतर ते कन्हेरीला भावाकडे राहत. एकदा बारामतीच्या स्टँडवर समोर आले. तब्येतीची चौकशी झाली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमी मोजलंवतं का हो कदी?”

“नाही,” मी म्हणालो.

“मोजा. अवघड न्हाय,” ते म्हणाले आणि त्यांच्या गाडीकडे गेले. त्यानंतर भेट नाही.

गेल्या महिन्यात बावड्याच्या शाळेत त्यांची शोकसभा झाली. एका वक्त्यानं तो किस्सा सांगितला: हट्टी माणूस, अख्खा तालुका बत्तीस म्हणतोय आणि हे आपले एकतीसवर. लोक प्रेमानं हसले. त्या प्रेमाची मला चीड आली. पुढचा वक्ता मीच होतो. आणि तरी मी काय बोललो? साधी राहणी. विद्यार्थ्यांवर माया. दोन मिनिटांत खाली बसलो.

बाहेर पडताना एक बाई आडव्या आल्या. वैशाली. नरसिंहपूरला दिलेली, मुलगी आता नववीत. मी तिला तिथेच, चपला घालता घालता सांगितलं, की तुझं उत्तर बरोबर होतं.

“मला म्हायती हाय की,” ती म्हणाली. “सरांनी सांगितलंवतं. पर आबांना, माज्या वडलांना, वाटलं, पोरगीला बरं वाटावं म्हणून सर बोलत्यात. गणित तुझं काम न्हाय म्हणून मला कलेला घातलं. आबा गेले, ते तेच धरून गेले. आन् आता पोरगी म्हणती, मम्मी, पेपरात चुकलं म्हंजे चुकलं. तुमी लिहून द्या, सर.”

कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला मी लिहिलं: त्या चाचणीतल्या वर्तुळाच्या प्रश्नाचं उत्तर एकतीस. उत्तरसूचीत चूक झाली होती. खाली सही केली.

तिनं कागद सावकाश वाचला आणि परत माझ्या हातात दिला.

“चूक झाली, व्हय,” ती म्हणाली. “कुणाची, ते न्हाय ह्यात.”

मी पेन पुन्हा उघडलं. सहीखाली जागा थोडी होती. बारीक अक्षरात लिहिलं: चूक माझी. मला त्याच संध्याकाळी कळली होती. सर बरोबर होते.