खालचं गेट

आखातातल्या रुवैसच्या रिफायनरीत माझ्या शेजारच्या टेबलावर वेल्सचा एक वयस्क इंजिनिअर बसतो. इथली जमीन तव्यासारखी सपाट, तरी हा सांगणार, "पाइप खालच्या गेटला उतरवा." नवी माणसं गोंधळतात.

त्याच्या नदीकाठच्या गावात वरच्या खाणीतला पाटीचा दगड होडीतून खालच्या धक्क्याला जायचा. खाण कधीच बंद पडली, पण याच्या जगात दिशा दोनच राहिल्या, वर आणि खाली. मी कोकणातल्या वरच्या वाडीतला; मला त्याचं बोलणं पहिल्या दिवशीच कळलं.

एकदा चेष्टेनं विचारलं, "पण सर, इथे नदी कुठाय?"

"थांब, शिफ्ट सुटू दे," तो म्हणाला.

भोंगा झाला. निळ्या कपड्यांतल्या कामगारांचा लोंढा त्याच खालच्या गेटमधून कॅम्पकडे निघाला.

त्याने पिशवी उचलली. "यल्ला, चल, खाली जाऊ."