रुखमाबाईचं चौथं कडवं

रुखमाबाई मूळची कन्हान नदीकाठच्या खाप्याची. लग्न होऊन नागपुरात आली ती कोष्टीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत, आणि त्याच खोल्यांत तिचं जवळजवळ सारं आयुष्य गेलं. नवरा मागावर बसून धोटा फेकी, ती त्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरी. नवरा वारल्यावर मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यात तीच उतरली. तिला अक्षरओळख नव्हती, पण गाणी ती स्वतः रची. चाल मागाच्या ठोक्यावरून घेई आणि शब्द घरातले असत. ती लुगडी विकायला सीताबर्डीवर आमच्या दारी येई, तेव्हा मी लुगडं घ्यायचं नसलं तरी तिला आत बोलावत असे. आमच्या कॉन्व्हेंटात पियानो होता, चर्चमध्ये गाणाऱ्या मुली होत्या. पण तिच्या बसक्या आवाजाने मला जसं जागच्या जागी धरून ठेवलं, तसं कोणी ठेवलं नाही.

सन १९११च्या कोजागिरीला मी तिला मुद्दाम बोलावलं. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी, रोज संध्याकाळी मुलींची गाणी आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. शेवटच्या दिवशी मागचं अंगण सारवून घेतलं. विहिरीच्या कठड्यापासून संत्र्याच्या दोन झाडांपर्यंत सतरंज्या घातल्या. एकवीस बायका होत्या. मुलींची गाणी झाली, टिपऱ्या झाल्या, आणि शेजारच्या यमुताईंनी डबा हलवून पाहिला.

"फुटाणे!" त्या म्हणाल्या.

"यमुताई, तुम्हाला तेरा वर्षं फुटाणेच ऐकू येतात," माझी सासू म्हणाली.

"तेरा वर्षं तुम्ही देताच काय दुसरं?"

सगळ्या हसल्या. डब्यात खरंच फुटाणे होते.

मग रुखमाबाई विहिरीला टेकून बसली. तिने पदर डोक्यावर घेतला, गुडघ्यावर बोटांनी ठोका धरला आणि कोणीही ऐकलेलं नव्हतं असं एक गाणं म्हटलं.

धोटा धावे, धोटा धावे, काठ विणू जरतारी,
माही चिमी रांगत आली मागाखालच्या खड्ड्यावरी.

सूत भिजे, सूत वाळे, कांड्या भरू शंभर,
माह्या चिमीच्या डोळ्यात कन्हानीचं गार नीर.

निज निज माहे बाई, दिस गेला मावळून,
ठोक्याठोक्यानं वं तुले देते झोका मी विणून.

इथपर्यंत बायका माना डोलवत होत्या. चौथं कडवं सुरू झालं आणि माना थांबल्या.

कोष्ट्यांच्या घरात तेव्हा तान्ह्या मुलांना अफू देत. कोष्ट्यांच्याच कशाला, पुष्कळ घरांत देत. नखावर तीळभर अफू, दुधात कालवून. मूल दुपारपर्यंत निजतं आणि हात कामाला मोकळे राहतात. चिमी ही रुखमाबाईची पहिली आणि एकुलती मुलगी, दहा महिन्यांची. एका सकाळी रुखमाबाईच्या सासूने चिमीला अफू दिली आणि सुनेला सांगायचं राहिलं. लुगडं त्याच दिवशी मागावरून उतरवून द्यायचं होतं, म्हणून रुखमाबाईने पुन्हा दिली. लुगडं वेळेवर झालं. पोर उठली नाही. हे सगळं तिने त्या एका कडव्यात सांगितलं, आणि ज्या हाताने दिली तो हात माझाच, असं म्हणून गाणं संपवलं.

मागच्या बाजूला बसलेल्या दोन बायका उठून गेल्या. जाताना रुखमाबाई मला म्हणाली, "तोंडानं सांगाले गेलं का जीभ चिकटते, वैनीबाई. गाण्यात निघते. आता आईबायका जमल्या का मी हे म्हणन."

आणि ती म्हणत राहिली. कोष्टीपुऱ्यात, बारशांना, भुलाबाईला. तिला बोलावणं कमी झालं. "बारशाला काय असलं गाणं म्हणतेस वं?" म्हणून बायका तोंडावर टाकून बोलत. तीन-चार घरांत मात्र अफूची डबी फेकली गेली, हे मला तिनेच सांगितलं. सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा मोकळा दिसला.

मी गाणं त्याच दिवशी रोजनिशीत उतरवलं. तीन कडवी. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की चार माणसांपुढे वाचता येणार नाही ते लिहू नये. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. आमचे यजमान सेक्रेटरिएटात होते आणि रविवारी माझी रोजनिशी वाचत. त्यांनी ते वाचलं असतं तर रुखमाबाईला पुन्हा अंगणात येऊ दिलं नसतं, आणि मला ती यायला हवी होती. तिसऱ्या कडव्याखाली मी लिहिलं, 'शेवटचे कडवे अनुचित. उतरून घेतले नाही.'

सन १९१८च्या आश्विनात इन्फ्लुएन्झा आला. कोष्टीपुऱ्यात घरटी एक माणूस गेलं. रुखमाबाई सतरा दिवस तापात होती. वाचली, पण ओळखू येईना अशी झाली. माघ महिन्यात ती काठी टेकत आमच्याकडे आली आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसली.

"वैनीबाई, तापानं माह्या डोक्यातलं नेलं. सूर हाय, शब्द नाही. चिमीचं गाणं तुमी लिवलं होतं ना? वाचा बरं."

मी १९११ची वही काढली. एकेक ओळ वाचत गेले तशी ती ओठ हलवून ओळ उचलत गेली. तीन कडवी परत मिळाली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

"आन् मंग?"

मी वही मिटली.

"मंग काय हाय? वाचा नं. तेच त पाह्यजे मले."

खोटं बोलता आलं असतं. पण समोरची ओळ सोडून दुसरं वाचायला मला कधी जमलं नाही. मी वही उघडून ती ओळ वाचली.

"अनुचित म्हंजे काय?"

"म्हणजे, लिहू नये असं."

तिने विहिरीकडे पाहिलं. "काहून?" ती म्हणाली. "खरं होतं ते."

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. अर्थ आठवत होता, शब्द एकही नाही. यमुताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी ते ऐकलंच नाही गं, कान झाकून घेतले होते." कोष्टीपुऱ्यात ते ध्यानात असलेल्या बायका तापात गेल्या होत्या, उरलेल्यांनी ते मनात ठेवलं नव्हतं. रुखमाबाई पुन्हा रचायला बसली, दर आठवड्याला येऊन पायरीवर ठोका धरायची आणि तिसऱ्या कडव्यानंतर थांबायची. "साधं बोलूनच सांगा ना," मी एकदा म्हटलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

सन १९१९च्या कोजागिरीला मी तिला बोलावलं. अंगणात बसली की कडवं येईल, असं तिला वाटत होतं आणि मलाही. तिला हाताला धरून तिच्या शेजारणीची सून आली होती, कौशल्या नावाची, मांडीवर सहा-सात महिन्यांचं मूल घेऊन. मुलींनी त्याच्या कानाशी टिपऱ्या वाजवल्या, बायका फुटाण्यांवरून हसल्या, मूल हललं नाही.

रुखमाबाईने तीन कडवी म्हटली. मग नुसता सूर चालू राहिला, शब्दांशिवाय. तिची नजर त्या मुलावर होती. बोटं ठोका धरून होती, ओठ उघडे होते. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मुलाकडे.

मला सगळं कळलं होतं. अफूबद्दल एक वाक्य पुरे होतं. पण पंचवीस बायका होत्या, डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतल्या नव्या हेडक्लार्कांच्या पत्नी पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि माझ्या हातात खिरापतीचा डबा होता.

"किती गोड अंगाई!" यमुताई म्हणाल्या. "बाळ बघा कसं निजलंय."

मी डबा पुढे फिरवला.

जाताना रुखमाबाई दारात थांबली. कौशल्या मुलाला खांद्यावर टाकून पुढे रस्त्यावर गेली होती.

"तुमाले ठाऊक होतं, वैनीबाई," ती म्हणाली. "मले गाता येत होतं, ते गेलं. तुमाले त बोलता येते."

ती पुन्हा आली नाही. पौषात तिला खाप्याला भावाकडे नेल्याचं आणि तिथेच ती गेल्याचं लुगडी विकणाऱ्या दुसऱ्या बाईकडून कळलं. त्या बाईला कौशल्येचं घर ठाऊक होतं. तिच्या मुलाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. सव्वीस वर्षं झाली. १९१९च्या वहीत त्या कोजागिरीखाली बायकांची संख्या आहे, हवा आहे, 'खिरापत: फुटाणे' आहे. मुलाचा उल्लेख नाही.