पातं मागे ओढायचं नाही

आमचे हे खिडक्या पुसतात. "पुसतात" म्हटलेलं त्यांना खपत नाही. पुसायचं ते टेबल, खिडकी साफ करायची असते, असं ते पाहुण्यांनाही ऐकवतात. त्यातून पहिली सफाई असली की यांच्या अंगातच येतं. नवं घर असो नाहीतर वर्षानुवर्षं हात न लागलेलं, पहिल्यांदा जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. आधी जाळ्या उतरवून धुवायच्या, मग काच ज्या खाचेतून सरकते तिच्यातली माती जुन्या टूथब्रशने कोरून काढायची, चौकटी पुसायच्या आणि काच सगळ्यात शेवटी. सिमेंटचे थेंब, रंगाचे शिंतोडे, स्टिकरचा चिकटा, सगळं पात्याने खरवडायचं. मी आतून, हे बाहेरून. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली सतरा आम्ही काचेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहून भांडलोय. काच बंद असली की निम्मं ऐकू येत नाही, म्हणून संसार टिकला असं मी म्हणते.

पात्याचा यांचा नियम एकच. काच साबणाच्या पाण्याने चिंब करायची, पातं पुढे ढकलायचं, उचलायचं, पुन्हा ठेवायचं. मागे ओढायचं नाही. मागे ओढताना खाली वाळूचा कण अडकतो आणि काचेवर केसासारखी रेघ उठते, ती जन्मात जात नाही. ओल्या काचेवर ती दिसत नाही, सावलीतही नाही. तिरपं ऊन पडलं की दिसते. म्हणून दुसऱ्या दिवशी, त्या खिडकीवर ऊन येतं त्या वेळेला, हे पुन्हा त्या घरी जातात, फक्त बघायला. कोणी बोलावलेलं नसतं. लोक चहा देतात आणि मनातल्या मनात वेडा म्हणत असतील.

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी घर घेतलं, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिली सफाई आमच्याकडे आली. रंगकाम माझ्या दादाकडे होतं, तेही यांनीच मिळवून दिलेलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रंगारी. खिडकीच्या चौकटीची कड तो चिकटपट्टी न लावता नुसत्या हाताने ओढायचा, सरळ. यांना जगात दोनच माणसांचं काम पसंत, एक स्वतःचं आणि दुसरं दादाचं. माझा त्यात नंबर नाही.

त्या सकाळी यांनी मला एकच खाच तीनदा साफ करायला लावली. तिसऱ्यांदा माझं डोकं तापलं. बैठकीच्या मोठ्या काचेवर रंगाचे थेंब होते. त्यांच्यावर मी पातं घासलं, पुढे-मागे, पुढे-मागे, करपलेलं भांडं घासावं तसं. हे दुसऱ्या खिडकीच्या सज्ज्यावर होते. थेंब झटकन निघाले. काच ओली, ऊन इमारतीच्या पलीकडे. मी वायपर फिरवला आणि पुढच्या खिडकीकडे वळले.

उतरताना शेवटच्या पायरीवर यांचा पाय मुरगळला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ऊन बघायला मी गेले.

चार वाजता बैठकीत ऊन आलं आणि मला रेघा दिसल्या. सात-आठ होत्या, कमानीसारख्या, एकाखाली एक. बाई आत चहा टाकत होत्या. मी पडदा ओढला. चहा प्यायले, घरी आले आणि यांना म्हटलं, "लख्ख आहे, एक रेघ नाही." का खोटं बोलले? यांचं उतरलेलं तोंड बघवणार नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर सतरा वर्षं मी यांना "किती तो कीस पाडायचा!" म्हणून हिणवलं होतं, आणि आता हेच बरोबर ठरले असते.

पुढच्या दोन दिवसांत दादा चौकटींवर शेवटचा हात मारून गेला. मग बाईंना रेघा दिसल्या. फोन आमच्याकडे आला. हे पाय उशीवर ठेवून फोनवर म्हणाले, "बाई, सफाईनंतर आमच्या घरचं माणूस उन्हात बघून आलंय." मग माझ्याकडे वळून, "तू नीट बघितलं होतंस ना?"

"हो म्हटलं ना एकदा!" मी वर खेकसलेच.

चोर सोडून संन्याशाला फाशी. दादाला घरी बोलावलं आणि यांनी थोरल्या मेहुण्याला पोरासारखं झापलं. "दादा, थेंब उडाले तर उडाले, मला सांगायचं. कोरड्या काचेला पातं लावलंत?"

दादाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "भाऊजी, पातं लावल्याचं मला आठवत नाही. पण हल्ली बारीक दिसत नाही तसं. लागलंही असेल."

मी कप उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

बाईंच्या इमारतीच्या जिन्याचं रंगकाम दादाला मिळणार होतं, ते या रेघांपायी दुसऱ्याला गेलं. ते मी पचवलं असतं, खोटं कशाला बोलू. पण दादाने चष्मा बदलला, आणि तरीही चौकटींची कामं घेणं बंद केलं. नुसत्या भिंती नि छत. वहिनी एकदा म्हणाली, "घरी जुन्या फळीवर ब्रशने रेघा ओढून बघतात हो, सरळ येते का. येते, तरी विश्वास बसत नाही त्यांचा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिला मी काय म्हणाले? "वय झालं की व्हायचंच." आजही एकटी असताना ते वाक्य आठवलं की मी तोंडावर हात धरते.

सहा महिन्यांनी बाईंकडे नेहमीच्या सफाईचं बोलावणं आलं. मी सकाळी जाऊ म्हणत होते, पण बाईंना दुपारच सोयीची. चार वाजले. हे त्या काचेसमोर थांबले. कोपर काचेला टेकवून त्यांनी उजवा हात रेघांवरून फिरवला. कमान जुळेना, ती उलटीकडे झुकत होती. मग डावा हात फिरवला. जुळली. दादा उजवा, हे उजवे. दोन्ही घरांत डावरी मी एकटी.

हे वळले नाहीत. काचेकडेच बघत हळू म्हणाले, "मी सांगू, की तू सांगतेस?"

बाईंना मी तिथल्या तिथे सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आणि तुमच्या दादाला?"

तिथून आम्ही तडक दादाकडे गेलो. दादा ओट्यावर ब्रश धूत बसला होता. हे पुढे झाले, म्हणाले, "दादा, मी तुम्हाला बोलायला नको होतं." मग मी सांगितलं. पातं, पडदा, खोटं, सगळं. वाटत होतं, त्याने एक थोबाडीत द्यावी, म्हणजे सुटले.

दादाने विचारलं, "म्हणजे माझ्या हातून झालं नव्हतं?"

"नाही दादा."

"नक्की?"

"नक्की."

त्याने हात फडक्याला पुसला, बोटं पसरून डोळ्यांसमोर धरला आणि नुसता बघत राहिला. मग आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? हात बरा आहे माझा!" इतक्या आनंदाने, की यांनी तोंड फिरवलं.

वहिनी बाहेर आली. तिला दारातूनच सगळं ऐकू गेलं असणार. ती त्याच्या हाताकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला मान खाली घालायचंही सुचलं नाही.